पठारावरील बालकांची वाढ : विरळ हवेचा वाटा किती, वंचनेचा किती?

छत्तीसगढची राजधानी रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, महानदीच्या खोऱ्यातील सपाट भातशेतीच्या प्रदेशात वसलेली आहे. राज्याच्या उत्तरेकडे सरगुजा, जशपूर व बलरामपूर या जिल्ह्यांत मात्र भूमी पायरीपायरीने चढत जाते. तेथील माथ्यावरील सपाट पठारांना स्थानिक भाषेत ‘पाट’ म्हणतात. मैनपाट, जशपूर पाट व सामरी पाट ही त्यांतील परिचित नावे. ही पठारे सुमारे १००० ते १२०० मीटर उंचीवर आहेत. पहाडी कोरवा, माझी आदी समाजांची वस्ती या भागात आहे. मैनपाट येथे १९६०च्या दशकाच्या प्रारंभी तिबेटी निर्वासितांचेही पुनर्वसन झाले.

डोंगराळ भागातील मुले सपाटीवरील मुलांपेक्षा ठेंगणी असतात, असा सार्वत्रिक समज आहे. त्याचे कारण विचारले असता ‘तेथील हवापाणीच तसे’ किंवा ‘त्यांची अंगकाठीच तशी’ अशी उत्तरे मिळतात. ही उत्तरे निरुपद्रवी नाहीत. एखाद्या बालकाची खुंटलेली वाढ निसर्गदत्त मानली की तिच्यावर उपाय करण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. म्हणून समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा बालकाच्या वाढीवर नेमका किती परिणाम होतो आणि उरलेला परिणाम कशाचा असतो, याचा हिशेब मांडणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात हा हिशेब रायपूर, मैनपाट आणि लेह या तीन पातळ्यांच्या आधारे मांडला आहे. भूगोल, आरोग्य व सामाजिक विकास या तिन्ही घटकांच्या अभ्यासासाठी तो विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरेल.

विरळ हवा म्हणजे काय?

उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे विधान उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. ते अचूक नाही. प्राणवायूचे प्रमाण रायपूरमध्ये आणि लेहमध्ये सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्याबरोबर प्राणवायूचा आंशिक दाब. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो व त्यातील प्राणवायूचा वाटा सुमारे १६० मिलिमीटर असतो. १००० मीटर उंचीवर हा वाटा सुमारे १४० मिलिमीटर, तर लेहसारख्या ३५०० मीटर उंचीच्या ठिकाणी सुमारे १०३ मिलिमीटर होतो. म्हणजेच मैनपाटच्या हवेत प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे दहा-अकरा टक्क्यांनी, तर लेहमध्ये सुमारे पस्तीस टक्क्यांनी कमी असतो.

शरीर या उणिवेला तीन मार्गांनी तोंड देते. श्वसनाचा वेग वाढतो. रक्तातील हिमोग्लोबिन वाढते. दीर्घ काळ वास्तव्य असलेल्या काही समाजांत छाती व फुफ्फुसांचा आकारही मोठा होतो. गर्भावस्थेत मात्र गर्भाला मिळणारा प्राणवायू सर्वस्वी मातेच्या रक्तप्रवाहावर अवलंबून असतो. स्थानाची उंची दर १००० मीटरने वाढली की नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे १०० ग्रॅमने घटते, असे अनेक देशांतील निरीक्षणांवरून दिसून आले आहे. उंचीचा वाढीवरील परिणाम असा जन्मापूर्वीच सुरू होतो.

अँडीज आणि तिबेटचे धडे

अतिउंच प्रदेशातील बालकांच्या वाढीचा पद्धतशीर अभ्यास १९६०च्या दशकात पेरू देशातील नुनोआ या भागात सुरू झाला. हा भाग अँडीज पर्वतात सुमारे ४००० मीटर व त्याहून अधिक उंचीवर आहे. पॉल बेकर आणि रोबेर्तो फ्रिसांचो या मानवशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये तेथील केचुआ समाजातील मुलांविषयी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष आजही पाठ्यपुस्तकांत दिले जातात. या मुलांची वाढ संथ होती, ती विशीनंतरही काही काळ चालू राहत होती, किशोरवयातील वाढीची झेप ठळक नव्हती आणि छातीचा घेर मात्र तुलनेने मोठा होता.

या निष्कर्षांवरून उंची हेच ठेंगणेपणाचे कारण असल्याचा अर्थ काढला गेला. पुढे १९८०च्या दशकात विल्यम लेनर्ड यांनी त्याच नुनोआ भागात आहाराचा अभ्यास केला. एकाच उंचीवर राहणाऱ्या कुटुंबांपैकी ज्यांची आर्थिक स्थिती व आहार बरा होता, त्यांची मुले अधिक चांगली वाढत असल्याचे त्यात दिसून आले. हवा तीच होती, ताट वेगळे होते. उंचीच्या माथी मारलेल्या परिणामाचा मोठा भाग दारिद्र्याचा होता.

तिबेटी समाजाचे उदाहरण याहून निराळे आहे. हजारो वर्षांच्या वास्तव्यात या समाजात जनुकीय अनुकूलन घडून आले आहे. ‘ईपीएएस-१’ या जनुकाचे एक विशिष्ट रूप तिबेटी लोकांत मोठ्या प्रमाणावर आढळते, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले. हे रूप डेनिसोव्हन या लुप्त मानवसमूहाकडून आले असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. या जनुकामुळे उंचीवर राहूनही तिबेटी व्यक्तीचे हिमोग्लोबिन अवाजवी वाढत नाही. नवजात बालकाच्या वजनातील घटही या समाजात इतरांच्या तुलनेने कमी असते.

यावरून विद्यार्थ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. अनुकूलन म्हणजे पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीतून शरीराला लाभलेली क्षमता. वंचना म्हणजे जे मिळायला हवे ते न मिळाल्याने शरीराला आलेली उणीव. बाहेरून दोन्हींचे दर्शन कधी कधी सारखे वाटले तरी एक लाभ आहे आणि दुसरी हानी.

मोजपट्टी काय सांगते?

बालकाची वाढ योग्य आहे की नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेल्या वाढीच्या मानकांवरून ठरविले जाते. ही मानके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील निरोगी, स्तनपान मिळालेल्या बालकांच्या नोंदींवर आधारलेली आहेत. भारतातील नोंदी दिल्लीतील होत्या. अभ्यासाचे ठिकाण १५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर नसावे, अशी अट तेव्हा होती. त्यामुळे अतिउंच प्रदेशातील बालकांना ही मोजपट्टी कितपत लागू पडते, हा प्रश्न रास्त आहे.

या प्रश्नाचे सविस्तर उत्तर कालेब बाये व काल्ले हिर्वोनेन यांच्या २०२० मधील अभ्यासाने दिले. त्यांनी ५९ देशांतील नऊ लाख साठ हजारांहून अधिक बालकांच्या नोंदी तपासल्या. आरोग्य, शिक्षण व राहणीमान या दृष्टीने उत्तम स्थिती असलेल्या घरांतील बालके त्यांनी वेगळी काढली. अशी बालके सुमारे ५०० मीटर उंचीपर्यंत मानकाप्रमाणेच वाढत होती. त्यापुढे मात्र उत्तम घरांतही दर १००० मीटरमागे वाढीचा निर्देशांक ०.१६ प्रमाण विचलनाने घटत होता.

या आकड्याचा अर्थ सेंटिमीटरमध्ये समजून घेऊ. मानकानुसार दोन वर्षांच्या मुलाची मध्यक उंची ८७.१ सेंटिमीटर असते. मध्यकाच्या खाली दोन प्रमाण विचलने, म्हणजे ८१.० सेंटिमीटर, ही ‘खुंटलेल्या वाढीची’ सीमारेषा होय. या दोहोंतील अंतर ६.१ सेंटिमीटर असल्याने एक प्रमाण विचलन सुमारे ३ सेंटिमीटरचे होते. त्याचे ०.१६ पट म्हणजे अवघा अर्धा सेंटिमीटर. रायपूर व मैनपाट यांच्या उंचीतील फरक १००० मीटरपेक्षाही कमी आहे. तेव्हा या वयात पठाराच्या हवेमुळे मुलाच्या उंचीत पडणारी घट फार तर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास राहील. सीमारेषा मात्र सहा सेंटिमीटर खाली आहे. लेहच्या उंचीवरही हा परिणाम सुमारे दीड सेंटिमीटरचा, म्हणजे त्या अंतराच्या एक-चतुर्थांशाइतका होतो.

हा परिणाम नगण्य मात्र मानू नये. आधीच सीमारेषेजवळ असलेली काही बालके अर्ध्या सेंटिमीटरच्या घटीनेही रेषेखाली जातात आणि त्यामुळे समाजातील टक्केवारी वाढते. परंतु त्यांना रेषेजवळ आणून ठेवणारी कारणे वेगळी असतात.

भारतातील आकडेवारीवरूनही हे स्पष्ट होते. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १००० मीटरखालील बालकांच्या तुलनेत २००० मीटरवरील बालकांत वाढ खुंटण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. हा फरक एकट्या विरळ हवेचा मानता येणार नाही. उंचावरील वस्त्यांत थंडी अधिक असते, पिकांचा हंगाम लहान असतो, भाजीपाला व दवाखाना दूर असतो. संख्याशास्त्रात ज्यांना गोंधळकारक घटक म्हणतात, ते हेच. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे तत्त्व येथे लागू पडते.

‘लहान पण निरोगी’ : एक जुना वाद

शरीर परिस्थितीशी जुळवून घेते, हा युक्तिवाद भारताच्या पोषणधोरणात यापूर्वीही झाला आहे आणि त्याचे एक केंद्र पुणे होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेत काम केलेले थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी उष्मांकांची गरज ही स्थिर संख्या नसून एकाच व्यक्तीत ती काळानुसार बदलते, असा सिद्धांत मांडला. त्यांच्या संपादनाखाली १९८२ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांचा लेख होता. सौम्य अन्नटंचाईत वाढलेली बालके ‘लहान पण निरोगी’ असतात, असे प्रतिपादन त्यात होते.

पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी या मताचा ठाम प्रतिवाद केला. खुंटलेली वाढ ही केवळ उंचीची बाब नाही. तिच्याबरोबर वारंवार होणारे संसर्ग, शिकण्यातील मागासलेपण आणि प्रौढपणी घटलेली कार्यक्षमता येते. वाढ खुंटलेली मुलगी पुढे माता होते तेव्हा प्रसूतीचा धोका वाढतो आणि कमी वजनाचे बालक जन्माला येण्याचा संभव असतो. जे गरिबाच्या मुलासाठी पुरेसे मानले जाते, ते संपन्नाच्या मुलासाठी कोणी पुरेसे मानत नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. पाटावरील बालकांविषयी ‘त्यांची अंगकाठीच तशी’ असे म्हणणे हे त्याच जुन्या युक्तिवादाचे नवे रूप आहे.

छत्तीसगढचा अनुभव

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार छत्तीसगढमध्ये पाच वर्षांखालील वाढ खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ५२.९ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये ३७.६ टक्के व २०१९-२१ मध्ये ३४.६ टक्के झाले. देशाची २०१९-२१ मधील सरासरी ३५.५ टक्के होती. पंधरा वर्षांत राज्याचे प्रमाण अठरा टक्के-बिंदूंनी खाली आले. या काळात पठारांची उंची बदलली नाही, लोकांची जनुके बदलली नाहीत. बदलली ती परिस्थिती. वाढ खुंटण्याची प्रमुख कारणे मानवी नियंत्रणाबाहेरची नाहीत, याचा याहून सबळ पुरावा शोधण्याची गरज नाही.

या बदलाच्या काळात राज्यात अनेक उपक्रम राबविले गेले. गावातील प्रत्येक पाड्यातून एका स्त्रीची निवड करून तिला आरोग्यविषयक प्रशिक्षण देणारा ‘मितानीन’ कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय पातळीवर ‘आशा’ कार्यकर्ती त्यानंतर, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. मितानीन कार्यक्रमाला रायपूर येथील राज्य आरोग्य संसाधन केंद्राने तांत्रिक आधार दिला. राज्याने २०१२ मध्ये स्वतःचा अन्न व पोषण सुरक्षा कायदा संमत केला. केंद्राचा कायदा २०१३ चा आहे. २ ऑक्टोबर २०१९ रोजी मुख्यमंत्री सुपोषण अभियान आणि आठवडी बाजारात वैद्यकीय सेवा देणारी हाट-बाजार क्लिनिक योजना सुरू झाली.

पाटावरील बालकांच्या दृष्टीने ‘फुलवारी’ या प्रयोगाचा विशेष उल्लेख करावा लागेल. सहा महिने ते तीन वर्षे हा वाढ खुंटण्याचा नाजूक काळ. या वयात बालकाला दिवसातून अनेकदा थोडे थोडे खाऊ घालावे लागते. आई शेतात किंवा जंगलात गेली की ते काम मागे राहते. तीन वर्षांखालील बालकासाठी अंगणवाडीतून प्रामुख्याने घरी नेण्याचा आहार मिळतो, दिवसभराची देखभाल नव्हे. सरगुजा जिल्ह्यात २०१२ पासून मातांनीच आळीपाळीने चालविलेल्या पाळणाघरांतून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेनेही वनक्षेत्रातील गावांत अशीच पाळणाघरे चालविली.

मैनपाटसारख्या ठिकाणी शेजारी-शेजारी राहणारे समाज एकच हवा श्वासात घेतात. त्यांच्या बालकांच्या वाढीत फरक आढळल्यास त्याचे कारण हवेत शोधता येणार नाही. ते शिधा, शाळा, रस्ता, पाणी आणि दवाखाना यांच्या उपलब्धतेत शोधावे लागेल. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना सातपुड्यातील तोरणमाळ व मेळघाटातील चिखलदरा ही सुमारे ११०० मीटर उंचीची ठिकाणे परिचित आहेत. तेथील कुपोषणाचा विचार करतानाही हेच तत्त्व लागू पडते.

उंची जेथे खरोखर मोजावी लागते

स्थानाची उंची सर्वत्र दुर्लक्षित करावी, असा याचा अर्थ नाही. रक्तक्षयाच्या निदानात तिला महत्त्वाचे स्थान आहे. उंचीवर हिमोग्लोबिन स्वाभाविकपणे वाढते. त्यामुळे सपाटीवर पुरेसा ठरणारा आकडा उंचावर अपुरा असू शकतो. यासाठी मोजलेल्या हिमोग्लोबिनमधून उंचीनुसार ठरावीक वजावट केली जाते आणि उरलेला आकडा निकषाशी ताडला जातो. दोन ते पाच वर्षे वयाच्या बालकांसाठी हा निकष प्रति डेसिलिटर ११ ग्रॅम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये या वजावटीत सुधारणा केली. पूर्वी १००० मीटरला ०.२ ग्रॅमची वजावट होती. नव्या मार्गदर्शनानुसार १००० ते १४९९ मीटरसाठी ती ०.८ ग्रॅम आहे. ३५०० मीटरला पूर्वी २.७ ग्रॅम वजा होत असत, आता २.५ ग्रॅम होतात. समजा, पाटावरील तीन वर्षांच्या बालकाचे हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅम भरले. जुन्या पद्धतीने ते ११.३ धरले जाऊन बालक निरोगी ठरले असते. नव्या पद्धतीने ते १०.७ होते आणि बालकाला रक्तक्षय असल्याचे निदान होते. उलट लेहमधील १३.५ ग्रॅम हिमोग्लोबिनचे बालक जुन्या पद्धतीने १०.८ वर येऊन रक्तक्षयी ठरले असते. नव्या पद्धतीने ते ११.० वर राहते.

२०१९-२१ च्या सर्वेक्षणात लडाखमधील ९२.५ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला, तर छत्तीसगढमध्ये हे प्रमाण ६७.२ टक्के होते. लडाखचा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, तो जुन्या वजावटीनंतरचा आहे. दुसरी, तिबेटी वंशाच्या समाजात उंचीमुळे हिमोग्लोबिन इतरांइतके वाढत नसल्याने सरसकट वजावट त्यांच्याबाबतीत अतिरेकी ठरू शकते. छत्तीसगढमध्ये मात्र प्रश्न आहारातील लोहाच्या कमतरतेबरोबर हिवताप, कृमी आणि सिकलसेल यांचाही आहे. म्हणून केवळ लोहाच्या गोळ्या किंवा पातळ औषध वाटून तो सुटणार नाही. हिवतापमुक्त बस्तर अभियान (२०२०) आणि राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान (२०२३) यांचे महत्त्व या संदर्भात आहे.

पुढील दिशा

या विवेचनातून धोरणासाठी चार सूत्रे निघतात. एक, वाढीचे मानक सर्वांसाठी एकच ठेवावे. पठारासाठी वेगळी, सैल मोजपट्टी करू नये. १००० मीटरच्या पातळीवर तिची गरजही नाही. दोन, रक्तक्षयाच्या तपासणीत स्थानाच्या उंचीची नोंद व वजावट अचूक व्हावी. तीन, गर्भवतीच्या आहारापासून बालकाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर भर द्यावा, कारण उंचीचा आणि वंचनेचा, दोन्हींचा परिणाम याच काळात सर्वाधिक होतो. चार, दुर्गम वस्तीपर्यंत सेवा पोहोचविण्याचा वाढीव खर्च अंदाजपत्रकात स्पष्टपणे धरावा. विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात रस्ते, पाणी, अंगणवाडी व फिरती वैद्यकीय पथके यांचा एकत्रित विचार झाला आहे, तो या दृष्टीने सुसंगत आहे. छत्तीसगढमधील पहाडी कोरवा, बैगा, कमार, बिरहोर व अबुझमाडिया हे समूह त्याच्या कक्षेत येतात.

पठाराची उंची आपल्या हाती नाही आणि तिने हिरावलेला अर्धा सेंटिमीटर परत आणता येत नाही. उरलेले साडेपाच सेंटिमीटर मात्र अन्न, स्वच्छ पाणी, लसीकरण, मातेचे आरोग्य आणि वेळेवर मिळणारे उपचार यांवर अवलंबून आहेत. पाटावरील बालकाला त्याच्या वाट्याची वाढ मिळते की नाही, हे या साडेपाच सेंटिमीटरांवरून ठरणार आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. उंचीवर प्राणवायूचे ‘प्रमाण’ कमी होते की ‘आंशिक दाब’? उदाहरणासह स्पष्ट करा.
२. अनुकूलन व वंचना यांतील भेद तिबेटी व केचुआ समाजांच्या उदाहरणांवरून विशद करा.
३. पाच वर्षांच्या मुलाची मध्यक उंची ११०.० सेंटिमीटर व खुंटलेल्या वाढीची सीमारेषा १००.७ सेंटिमीटर आहे. दर १००० मीटरमागे ०.१६ प्रमाण विचलनाची घट धरल्यास ती किती सेंटिमीटर होईल?
४. ‘लहान पण निरोगी’ या सिद्धांताचे व त्यावरील आक्षेपांचे मूल्यमापन करा.
५. दुर्गम भागातील तीन वर्षांखालील बालकांच्या पोषणासाठी समुदायाने चालविलेल्या पाळणाघरांची उपयुक्तता व मर्यादा सांगा.